पिंपळे सौदागरचा हिशेब

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. उत्सवाच्या दिवसांत अग्रशाळेच्या ओसरीवर पालखीची वाट पाहत बसलेली वडीलधारी मंडळी ती आजही मोठ्या गांभीर्याने उच्चारतात. आणि त्याच मंडळींचे मुलगे मुंबईस, पुण्यास किंवा आखाती देशांत नोकरीवर असतात व त्यांनी धाडलेल्या पैशांवर घराची डागडुजी होते. म्हण आणि व्यवहार यांत एवढे अंतर का पडले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका गृहस्थाने तो विचारला, आणि त्याचे उत्तर तर्काने न देता एका खेड्यातील शेतन् शेत आणि घरन् घर मोजून दिले. त्या गृहस्थाचे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन, आणि त्या खेड्याचे नाव पिंपळे सौदागर.

मॅन हे जन्माने इंग्रज. १८७२ साली यॉर्क शहरी त्यांचा जन्म झाला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्यास आले, आणि १९०७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले व १९२७ साली ते सेवानिवृत्त झाले. मातीचे पृथक्करण करणाऱ्या शास्त्रज्ञाने माणसांच्या जमाखर्चात लक्ष घालावे, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. परंतु त्याचे बीज त्यांच्या जन्मगावीच पडले होते. १८९९ साली सीबोम राउंट्री यांनी यॉर्कमधील गरिबांची घरोघर फिरून पाहणी केली आणि कुटुंबाला जगण्यास किमान किती लागते व प्रत्यक्षात किती मिळते, याचा ताळा मांडला. ही पद्धत मॅन यांनी इंग्लंडातील रिजमाँट नावाच्या एका शेतकरी खेड्यास लावून पाहिली. पुण्यास आल्यावर तीच कसोटी त्यांनी दख्खनच्या खेड्यास लावली.

पवना नदीच्या काठी, पुणे शहरापासून काही मैलांवर असलेले पिंपळे सौदागर त्यांनी निवडले. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे प्रभृती सहकारी त्यांच्यासोबत होते. जमीन कोणाची, ती कोठे कोठे विखुरलेली, तिची माती कोणत्या जातीची, तीत काय पिकते, कुटुंबात खाणारी तोंडे किती, कर्ज किती व व्याज किती, बाहेरून मजुरी किती येते, असा एकेका घराचा आढावा त्यांनी घेतला. १९१७ साली हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत पहिला म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्याकडील ग्रामीण अर्थशास्त्राचा पाया ज्या थोड्या पुस्तकांनी घातला, त्यांत त्याची गणना होते.

आता त्यातील आकडे पाहू. जुन्या कागदपत्रांवरून मॅन यांना असे आढळले की, १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरीने ४० एकर जमीन होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात ती १४ एकर झाली, आणि मॅन स्वतः पाहणी करीत होते त्या १९१४-१५ च्या सुमारास ती अवघी ७ एकर उरली होती. शंभरातील ८१ खाती १० एकरांहून लहान होती, आणि ६० खाती तर ५ एकरांच्याही आत होती. बरे, ही ५ एकर तरी एका जागी होती काय? तसेही नाही. १५६ जमीनधारकांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत पसरली होती, आणि त्यांतील ४६३ तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते.

येथे वकिलाच्या सवयीने एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. सरकारी दप्तरातील खाते आणि प्रत्यक्ष नांगराखालची जमीन या दोन वस्तू एक नव्हेत. पूर्वीच्या एका नावामागे अख्खे एकत्र कुटुंब उभे असू शकेल. उलट आजचा दोन एकरांचा धनी शेजाऱ्याची चार एकर अर्धेलीने करीत असू शकेल. म्हणून ४० पासून ७ पर्यंतचा हा उतार जसाच्या तसा दारिद्र्याचा उतार मानता येत नाही. परंतु दिशेविषयी संशय घेण्यास जागा नाही. आणि तुकड्यांची मोजणी तर दप्तराच्या भरवशावर नव्हे, जमिनीवरच झालेली होती.

हे तुकडे का झाले? या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर ‘लोकांचे अज्ञान’ असे दिले जाते. ते खोटे आहे. ज्याने वाटणीचे दावे चालविले आहेत, त्याला खरे कारण ठाऊक असते. बापाची जमीन तीन ठिकाणी असते: नदीकाठची मळई, गावालगतची पांढरी व डोंगरउताराची बरड. भाऊही तीन. एकाला मळई, दुसऱ्याला पांढरी व तिसऱ्याला बरड द्यावी, तर तिसरा म्हणणार की माझ्यावर अन्याय झाला. आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. म्हणून तिन्ही जागा तिघांत विभागून नऊ तुकडे केले जातात. पुढच्या पिढीत त्यांचे सत्तावीस होतात. विहीर एकच असेल तर तिच्या पाण्याच्या पाळ्या पडतात, आणि आंब्याचे झाड असेल तर त्याच्या फांद्यांवरून भांडण होते. अज्ञानाने हे होत नाही. भावाभावांत काटेकोर न्याय व्हावा या आग्रहाने होते, आणि आम्ही वकील त्या न्यायाचे सुईण असतो. हिस्सा बरोबर आहे की नाही, एवढेच आम्ही न्यायालयास विचारतो. त्या हिश्श्यावर एक कुटुंब जगेल की नाही, हा प्रश्न दाव्याच्या मुद्द्यांत कधीच येत नाही. मॅन यांनी नेमका तोच प्रश्न विचारला.

त्यासाठी त्यांनी १०३ कुटुंबांची तीन गटांत विभागणी केली. ज्यांचे आपल्या जमिनीवर नीट भागते, असा पहिला गट. जमिनीवर भागत नाही, पण बाहेरच्या मजुरीची जोड धरली तर भागते, असा दुसरा. आणि शेत व मजुरी दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही, असा तिसरा. पहिल्या गटात ८ कुटुंबे निघाली, दुसऱ्यात २८, आणि तिसऱ्यात ६७. म्हणजे ज्या शेतीस आपण ‘उत्तम’ म्हणतो, ती १०३ पैकी केवळ ८ घरांना पोसत होती. २८ घरे तगली होती ती म्हणीतल्या ‘कनिष्ठ’ धंद्यावर, म्हणजे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना व पुणे शहर येथील रोजंदारीवर. शहर जवळ नसते, तर तीही तिसऱ्या गटात गेली असती.

व्यापाराचा भागही येथेच लक्षात घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दख्खनचा कुणबी मुख्यतः घरच्या कणगीसाठी पिकवीत होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसास अपूर्व भाव आला, आणि जमिनीची पत वाढली. पत वाढली तशी सावकाराची थैली मोकळी झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र उरले. १८७५ साली सुप्यापासून जे दंगे उसळले, त्यांत रयतेने सावकारांची गहाणखते व रोखे शोधून शोधून जाळले. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो याच कारणाने. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दूरदेशीच्या बाजाराने भाव वाढविला तर तो चार वर्षांचा पाहुणा असतो. त्याच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र नातवापर्यंत घरात राहते. मोठे शेत असा धक्का एकदा सोसते. सातशे तुकड्यांत विखुरलेल्या गावाला तो सोसवत नाही.

पिंपळे सौदागर शहरालगतचे, म्हणून ते अपवादात्मक असेल, अशी शंका खुद्द मॅन यांनाच आली. म्हणून दुसऱ्या पाहणीसाठी त्यांनी कानिटकरांसह जातेगाव बुद्रुक हे शहरापासून लांबचे, कोरडवाहू गाव घेतले. तो ग्रंथ १९२१ साली निघाला. तेथे शहरच्या मजुरीचा आधार नव्हता, आणि सारा संसार पावसाच्या लहरीवर होता. चित्र सुधारण्याऐवजी अधिकच गडद झाले.

पाण्याविषयीचा त्यांचा विचार यामुळेच मोलाचा ठरतो. पाणी आणले की शेतकरी तरला, अशी त्या काळच्या इंजिनिअरांची श्रद्धा होती. मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला होता. कालव्याचे पाणी बारमाही मिळू लागले, ऊस वाढला. पण जमिनीतून पाण्याचा निचरा होण्याची व्यवस्था कोणी केली नाही. खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले, आणि जी काळी जमीन उसाने हिरवीगार दिसत होती तीवर पांढरा थर चढला. दुष्काळ जसा पाण्याच्या अभावाने येतो, तशी नापिकी पाण्याच्या अतिरेकानेही येते, हे त्यांनी रसायनशास्त्राच्या भाषेत दाखवून दिले. निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी, १९५५ साली, त्यांचा मुंबई दख्खनमधील पाऊस व दुष्काळ यांवरील ग्रंथ भारतीय कृषि अर्थशास्त्र संस्थेने छापला. त्यात १८६५ ते १९३८ पर्यंतच्या पावसाचा विचार आहे. वर्षाला एकूण किती इंच पडला यापेक्षा पेरणीच्या वेळी व दाणा भरण्याच्या वेळी पडला की नाही, यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते, हे आपल्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असलेले सत्य त्यांनी आकड्यांनी उभे केले. माती, पाणी, बाजार व घरातील तोंडे या चार गोष्टी मॅन यांनी एकाच वहीत लिहिल्या. १९२७ साली देश सोडताना त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानच्या प्रगतीच्या वाटेतील सर्वांत मोठा अडथळा रिकामे पोट हा आहे. त्यापूर्वीची वीस वर्षे ते तीच वही लिहीत होते.

यावर कायद्याने काय केले? १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने आपल्या अहवालात वारसांमध्ये जमीन विभागली जाणे आणि एकाच वारसाची जमीन विखुरली जाणे हे दोन स्वतंत्र दोष म्हणून ओळखले. मुंबईच्या कायदेमंडळात १९२७ साली लहान धारणांसंबंधी विधेयक आले. विरोध झाला आणि ते बारगळले. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवावे, त्याहून लहान तुकडा निर्माण होईल अशी विक्री वा वाटणी करू नये, असा त्याचा आशय. हेतू उत्तम होता. परंतु कायद्याने वाटणी थांबविली ती कागदावर. बांधावर ती होतच राहिली. सात-बाराच्या उताऱ्यावर पाच भावांची नावे एकत्र, आणि शेतात मात्र पाच बांध, अशी अवस्था गावोगाव झाली. अशा तोंडी वाटणीस बँक कर्ज देत नाही, आणि पुढच्या पिढीत साक्षीदार मेले की न्यायालयही ओळख देत नाही. अखेर महाराष्ट्रात २०१७ साली दुरुस्ती करून झालेले तुकडे शुल्क आकारून नियमित करण्याची वाट मोकळी करावी लागली.

कृषिगणनेचे आकडे या कथेचा उत्तरार्ध सांगतात. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहितीची जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे सुमारे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. साऱ्या भारताची सरासरी याच काळात २.२८ वरून १.०८ हेक्टरवर उतरली. मॅन यांना ज्या ७ एकरांनी चिंतेत टाकले, ते ७ एकर आज मोठे खाते ठरेल.

या संदर्भात एक अपसमज दूर केला पाहिजे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात शेतजमिनीचे तुकडे रोखणाऱ्या कायद्यांना बाध येऊ नये, असे एक पोटकलम होते. ते २००५ साली वगळण्यात आले आणि त्याच दुरुस्तीने कन्येस पुत्राबरोबर सहदायादाचा हक्क मिळाला. तेव्हापासून ‘मुलींना हिस्सा दिल्यामुळे जमिनीचे तुकडे होतात’ असे बोलले जाते. पिंपळे सौदागरची जमीन ४० एकरांवरून ७ एकरांवर आली तेव्हा कोणत्या मुलीने हिस्सा मागितला होता? तुकडे भावांनीच केले. बहिणीचा हक्क हा न्यायाचा प्रश्न आहे. तुकड्यांचा दोष वाटणीच्या रीतीत आहे, वारसांच्या संख्येत नव्हे.

मग दुसरी रीत आहे काय? आहे, आणि ती शोधण्यास फार लांब जावयास नको. आपल्या देवस्थानांकडेच पाहा. कायद्याच्या दृष्टीने मूर्ती ही स्वतः जमिनीची धनी आहे. देवाला मृत्यू नाही, म्हणून वारस नाहीत, म्हणून वाटणीही नाही. पूजेचा अधिकार असलेल्या घराण्यांच्या शाखा वाढल्या, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देवाचे शेत कापले नाही. सेवेची पाळी वाटून घेतली. गोव्याच्या गांवकरीतही तेच तत्त्व होते. गावाची शेते समाईक राहत, ठराविक मुदतीसाठी पावणीने कसावयास दिली जात, आणि देवस्थानचा, बांधांच्या डागडुजीचा व सरकारचा खर्च भागल्यावर उरेल त्यातून गांवकारांना जोण मिळे. पिढ्या वाढल्या म्हणजे जोण लहान होई. शेत लहान होत नसे. तिसरे उदाहरण आम्हां वकिलांच्या नित्य परिचयाचे. गोव्यात चालत आलेल्या पोर्तुगीज पद्धतीच्या वारसा-कारवाईत सर्व वारस एकत्र बसून मालमत्तेवर बोली करतात. ज्याची बोली वरची, तो ती मालमत्ता अखंड घेतो व इतरांचे हिस्से पैशाने भागवितो. २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यानेही ही रीत राखली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातही १८९३ च्या वाटणी कायद्याने, वस्तू विभागणे गैरसोयीचे असेल तेथे विक्री करून पैसा विभागण्याची मुभा दिली होती. आणि महाराष्ट्राच्या तुकडेबंदी कायद्यातही तुकडा पडणार असेल तर सहहिस्सेदारास पैशाच्या रूपाने मोबदला देण्याची तरतूद आहे. या साऱ्यांचे सार एकच: वाटावयाचे ते मूल्य, भूमी नव्हे.

परंतु जुन्या संस्थांचे गोडवे गाऊन थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. गांवकरीचे शेत अखंड राहिले, ते काही प्रमाणात पुष्कळांना दाराबाहेर ठेवून राहिले. जोण पुरुषवंशाने जाई. शेतात राबणारे अनेक हात गांवकार नव्हते, म्हणून त्यांचा वाटा नसे. त्याचा जाब १९६४ च्या कुळकायद्याने विचारला, आणि त्यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. देवस्थानच्या जमिनी वाटल्या गेल्या नाहीत, तरी कित्येक ठिकाणी त्या नीट सांभाळल्याही गेल्या नाहीत. शिवाय बोलीची रीत जेथे एका भावाकडे रोकड आहे तेथे चालते. जेथे कोणाकडेच नाही, तेथे सावकार भावाच्या रूपाने बोली लावतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट मॅन यांच्या २८ कुटुंबांनी शिकविली आहे: पैसे घेऊन शेत सोडणाऱ्या भावाला पोट भरण्यास दुसरे काम असले पाहिजे. ते नसेल, तर कोणताही कायदा त्याला बांध घालण्यापासून परावृत्त करू शकत नाही. रिकाम्या हाताला गुंठाभर मातीही सोडवत नाही.

आज पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतले उपनगर आहे. जेथे मॅन यांच्या सहकाऱ्यांनी तुकडे मोजले, तेथे उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथील रहिवाशांपैकी बहुतेकांना आपल्या सदनिकेखाली कोणते पीक येत होते हे ठाऊक नसेल. शहर शेजारी असल्याने त्या गावाचा प्रश्न अशा प्रकारे सुटला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रत्येक खेड्याच्या वेशीशी पुणे येऊन उभे राहणार नाही; आणि जातेगावसारख्या गावांचा प्रश्न पाऊस व बाजार यांच्या हाती तसाच आहे.

म्हणून या पानांच्या वाचकांस एकच विनंती करावीशी वाटते. पुढच्या वेळी घरात वाटणीची गोष्ट निघेल, तेव्हा मोजणीदारास बोलावण्यापूर्वी सर्व भावंडांनी, बहिणींसह, एकत्र बसावे आणि मॅन यांच्या वहीतील प्रश्न एकमेकांस विचारावेत. येणाऱ्या हिश्श्यावर एका घराचे भागेल काय? पाणी कोठून येईल आणि ते कोठे जाईल? पीक कोठे विकले जाईल? ज्याला शेत करावयाचे नाही, त्याचा हिस्सा पैशाने भागविता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली, तर कित्येक दावे दाखलच होणार नाहीत. वकिलांचे त्यात नुकसान आहे. ते सोसण्यास प्रस्तुत लेखक आनंदाने तयार आहे.